साडेतीन सेंटिमीटर

आमच्या घरीं माळ्यावर गोणपाटांत गुंडाळलेल्या चार स्प्रिंगा पडून आहेत. रंगानें तांबड्या, वजनानें बऱ्यापैकीं जड, आणि आतां कोणाच्याहि उपयोगाच्या नाहींत. दिवाळीच्या साफसफाईंत त्या दरवर्षीं खालीं येतात, "हें भंगार केव्हां जाणार?" असा प्रश्न दरवर्षीं विचारला जातो; आणि मी कांहीं तरी पुटपुटून त्या पुन्हा वर चढवितों. मोटारीच्या स्प्रिंगा एका मास्तराच्या माळ्यावर कशा आल्या, हें सांगावयाचें म्हणजे माझ्या एका हौसेची हकीकत सांगावी लागेल. आणि त्या हकीकतींत माझी शोभा फारशी नसल्यामुळें आजवर ती मीं कोणाला सबंध सांगितलेली नाहीं.

मी बुलढाण्यास राहतों आणि मलकापूरकडील एका महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितों. ज्यांनीं आमचा जिल्हा पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों, कीं बुलढाणें हें गांव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर बसलें आहे आणि मलकापूर खालीं पूर्णेच्या सपाटींत आहे. या दोहोंच्या मध्यें राजूरचा घाट. खंडाळ्याचा घाट पाहिलेल्या माणसाला तो लहान वाटेल. परंतु रोज सकाळीं त्यांतून खालीं उतरावें आणि रोज सायंकाळीं पुन्हा वर चढावें असा ज्याचा नेम आहे, त्याला त्यांतील एकेक वळण घरच्या माणसासारखें ओळखीचें होतें. जाऊन येऊन सुमारें नव्वद किलोमीटर पडतात. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मीं जी मोटार घेतली ती या घाटाकडे पाहून घेतली, असें म्हटलें तरी चालेल. आकारानें ती लहान. इंजिन मात्र टर्बोचें आणि स्वभावानें उतावळें. तिला स्पोर्ट्‌स कार म्हणावें कीं नाहीं याविषयीं जाणत्यांत मतभेद होतील. मजपुरती ती होती. तिच्यांतच बाजारहाट होई, तिच्यांतच गॅसचें सिलिंडर येई, आणि तिच्यांतच मी दररोज नोकरीला जात असें.

दोनतीन वर्षें हें सुखानें चाललें. मग एके दिवशीं माझें लक्ष एका पोकळीकडे गेलें. चाकाचा वरचा कांठ आणि त्यावरील मडगार्डाची कमान यांच्यामध्यें एक पोकळी असते. माझ्या गाडीच्या त्या पोकळींत माझीं चार बोटें सहज आडवीं जात. परदेशांतील हौशी लोकांच्या गाड्यांच्या चित्रांत तेथें एक बोटहि जाईल असें दिसत नव्हतें. त्यांच्या गाड्या दबा धरून बसलेल्या चित्त्यासारख्या दिसत. माझी गाडी पायजमा वर खोंचून चिखलांतून चाललेल्या गृहस्थासारखी दिसे. ती पोकळी एकदां दिसूं लागल्यावर मला दुसरें कांहीं दिसेना.

साधा माणूस असता तर "मला असें आवडतें" म्हणून मोकळा झाला असता. मी पडलों शिकविणारा. मला कारण पाहिजे होतें. तें मला सहज सांपडलें. गाडी वळते तेव्हां तिचा कांहीं भार आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. गुरुत्वमध्य जितका उंच तितका हा भार अधिक सरकतो, आणि दोन चाकांमधील अंतर जितकें मोठें तितका तो कमी सरकतो. माझ्या गाडीचा गुरुत्वमध्य अदमासें पंचावन्न सेंटिमीटर उंचीवर धरला आणि आंखूड स्प्रिंगा बसवून तो साडेतीन सेंटिमीटर खालीं आणला, तर सरकणारा भार शेंकडा सहानें कमी होतो. शेंकडा सहा! हा आंकडा मीं वहींत दोनदां अधोरेखित केला.

कायद्याची गोष्ट येथेंच सांगून टाकतों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि या कलमाचा अर्थ कडकपणेंच लावला. स्प्रिंगांचा बदल त्यांत कितपत बसतो हें परिवहन कार्यालयांत जाऊन विचारणें, आणि विमा कंपनीस कळविणें, हें माझें कर्तव्य होतें. मीं तें केलें नाहीं. विचारलें असतें तर उत्तर मिळालें असतें, आणि तें मला नको होतें.

२०२३ च्या जानेवारींत स्प्रिंगांचें खोकें घरीं आलें. तें घेऊन मी गांवाबाहेरच्या एका गॅरेजांत गेलों. तेथील मिस्त्री वयानें माझ्याएवढाच; बोलणें अस्सल वऱ्हाडी. त्यानें एक स्प्रिंग हातांत घेऊन उलटीसुलटी पाहिली, जमिनीवर उभी ठेवली, आणि विचारलें, "सर, तुमचा रोजचा रस्ता कोनता?"

"मलकापूर," मी म्हणालों.

"मंग काहून बसवता?"

मीं त्याला गुरुत्वमध्याची गोष्ट सांगितली. ती त्यानें शांतपणें ऐकून घेतली, आणि म्हणाला, "बसवून देतो. पन जुन्या स्प्रिंगा घरी न्या. फेकू नोका."

स्प्रिंगा बदलण्याचें काम मीं प्रथमच पाहिलें, आणि तें पाहण्यासारखें असतें. गाडी घोड्यांवर चढविली, चाकें काढलीं. पुढच्या बाजूस स्प्रिंग आणि शॉकप एकाच खांबांत गुंफलेले असतात; मॅकफर्सन नांवाच्या एका अमेरिकन इंजिनिअरनें १९४० नंतरच्या दशकांत ही युक्ति काढली आणि आज बहुतेक सगळ्या लहान गाड्या तिच्यावरच उभ्या आहेत. तो सबंध खांब बाहेर काढून मिस्त्रीनें स्प्रिंगेच्या दोन्ही अंगांस दोन लांब आट्यांचे शिकंजे लावले आणि एकदां या बाजूचा, एकदां त्या बाजूचा, असा फेरा-फेरानें तो तिला दाबूं लागला. तेवढा वेळ तो एक शब्दहि बोलला नाहीं, आणि मलाहि त्यानें हातानेंच मागें सरावयास सांगितलें. दाबलेल्या स्प्रिंगेंत शक्ति कोंडलेली असते. शिकंजा निसटला तर ती कोणाच्या जबड्यावर बसेल तें सांगतां येत नाहीं. "स्प्रिंग जेवढी दाबावी तेवढा तिचा जोर वाढतो," हा नियम रॉबर्ट हुकनें १६७६ सालीं अक्षरांची उलटापालट करून कूटाच्या रूपानें छापला आणि १६७८ सालीं त्याची उकल प्रसिद्ध केली. मी हा नियम पंचवीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों आहें. गॅरेजाच्या त्या ऑइलनें काळ्या झालेल्या फरशीवर मला तो प्रथमच भीतिदायक वाटला.

मागच्या स्प्रिंगा मानानें सोप्या निघाल्या; आंस जरा खालीं सोडला कीं त्या हातांत येतात. सर्व काम झाल्यावर मिस्त्रीनें कांहीं बोल्ट तसेच सैल ठेवले, गाडी जमिनीवर उतरविली, दोनचारदां दाबून हलविली, आणि मग खालीं सरकून ते बोल्ट आवळले. कारण विचारतां म्हणाला, टांगलेल्या गाडीचे बोल्ट आवळले तर आंतलें रबर पिळलेलें राहतें. गाडी आपल्या पायांवर उभी राहिली म्हणजेच ते आवळायचे. पुस्तकांत हें मीं नंतर वाचलें. चाकांचे कोन बदलले असल्यामुळें दुसऱ्या दिवशीं अकोल्यास जाऊन अलाइनमेंट करून घेतली.

सायंकाळीं गाडी घेऊन मी घरीं आलों आणि फाटकाबाहेर उभा राहून तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिलों. पोकळींत आतां दोन बोटें जात होतीं. शेजाऱ्यांनीं "टायरांत हवा कमी आहे काय?" म्हणून विचारलें, त्याचेंहि मला वाईट वाटलें नाहीं.

आणि पुढचे चार महिने राजूरच्या घाटांत मला जें सुख मिळालें तें मी नाकारणार नाहीं. या प्रकारच्या हकीकती सांगतांना, पुढें पस्तावा झाला म्हणून आधींचा आनंदहि खोटा होता असें सांगण्याची चाल आहे. तो खोटा नव्हता. पूर्वीं वळणांत शिरतांना गाडी आधीं एका अंगावर कलायची आणि मग वळायची. आतां मीं चाक फिरवावें आणि तिनें वळावें, मध्यें कोणाचा विचार नाहीं. माघ-फाल्गुनांतल्या सकाळीं, रस्ता कोरडा, समोरून कोणी नाहीं, खालीं पूर्णेच्या खोऱ्यावर धुकें तरंगत आहे, आणि गाडी एका वळणांतून दुसऱ्या वळणांत पाणी उतरावें तशी उतरत आहे! वेग फार नव्हता, भीति मुळींच नव्हती. पहिल्या तासाला मी वर्गांत जात असें तो उत्साहानें; विद्यार्थ्यांनींहि तें ओळखलें असावें.

परंतु घाट संपतो. घाट हा माझ्या पंचेचाळीस किलोमीटरांतला एक लहानसा तुकडा. बाकीचा रस्ता काळ्या मातींतून जातो. आमची ही कापसाची माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळून आक्रसते. तिच्यावर घातलेला रस्ताहि तिच्याबरोबर वरखालीं होतो. नुकतें डांबर पडलेलें असलें तरी दोनतीन पावसाळ्यांत त्यावर लाटा उठतात. मूळच्या स्प्रिंगांवर या लाटा मला कधीं कळल्या नव्हत्या. गाडी आणि तिच्याखालचा रबरी ठोकळा यांच्यामध्यें कांहीं अंतर शिल्लक ठेवलेलें असतें. चाक उसळतें तें या अंतरांत. हें अंतर म्हणजे गाडीची गंगाजळी. माझ्या गाडीची गंगाजळी आठ सेंटिमीटर होती, त्यांतून साडेतीन मीं एका दिवसांत काढून घेतले होते. उरलेल्या साडेचारांत काम भागावें म्हणून नव्या स्प्रिंगा तीस टक्क्यांनीं अधिक ताठ केलेल्या होत्या. शॉकप मात्र जुनेच, जुन्या स्प्रिंगांच्या मापाचे. म्हणजे गाडी उसळायची अधिक आणि थांबायची उशिरा.

गमतीची गोष्ट ही, कीं आमच्याच जिल्ह्यांतून, मेहकर आणि सिंदखेडराजा या तालुक्यांतून, समृद्धि महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला होता. त्यावर नेऊन पाहिलें तर गाडी काचेवर सरकावी तशी चालली. पण तेथें वळणच नाहीं! मैलच्या मैल सरळ रस्ता. जेथें माझ्या स्प्रिंगांना त्रास नव्हता तेथें त्यांचें कामहि नव्हतें, आणि जेथें काम होतें तेथें पोंचण्यासाठीं लाटांवरून जावें लागे.

आणि गतिरोधक! घरापासून महाविद्यालयापर्यंत तेवीस गतिरोधक आहेत, हें मला पूर्वीं माहीत नव्हतें. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मानकाप्रमाणें गोल पाठीचा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशीं पंचवीस किलोमीटरनें गाडी त्यावरून सुखानें जाते. असे त्या तेविसांत मला चार सांपडले. बाकीचे गांवकऱ्यांनीं आपापल्या मतीप्रमाणें घातलेले. माझ्या गाडीचें पोट पूर्वीं जमिनीपासून साडेसोळा सेंटिमीटरांवर होतें, आतां तेरांवर आलें होतें. एकटा असतांना मी तिरपा जाऊन, एकेक चाक चढवून, निभावून नेई. मागें ऑटोवाले हॉर्न वाजवीत, समोरच्या टपरीवरचे लोक चहाचे पेले हातांत धरून पाहत राहत. तेविसांपैकीं प्रत्येकाविषयीं माझ्या मनांत स्वतंत्र वैर उत्पन्न झालें होतें. कोणता कोणत्या बाजूनें खचला आहे, कोणावर सकाळीं खडी सांडलेली असते, हें मला पाठ झालें होतें. ते तेथें कां आहेत, हा प्रश्न मात्र मला एकदांहि पडला नाहीं.

याच सुमारास माझी आई एस्‌टीनें जाऊं लागली.

आईचें वय तेव्हां अठ्याहत्तर. महिन्यांतून एकदां ती आपल्या धाकट्या बहिणीकडे, माझ्या मावशीकडे, खामगांवला जाते. पूर्वीं रविवारीं मी तिला नेऊन सोडीत असें. आतां ती म्हणूं लागली, "अरे, तुझा एक सुट्टीचा दिवस. मी आपली एस्‌टीनें जाईन. उंच बसायला मिळतं, शेतं दिसतात." हें कारण मला खरें वाटलें, तें मला सोयीचेंहि होतें. तिला शेतें पाहण्याची हौस आहेच. तिच्या लहानपणीं तिच्या वडिलांकडे एक दमणी होती. तींत खालीं कडबा, कडब्यावर गादी, गादीवर सतरंजी, असे थर देऊन बायकामुलांना बसवीत, आणि तरी सुद्धां गांव येईपर्यंत हाडें खिळखिळीं होत, असें ती सांगते. आजोबांची कापूस वाहण्याची गाडी निराळी. खामगांव ही त्या काळीं वऱ्हाडांतली कापसाची मोठी पेठ. १८७० सालीं लॉर्ड मेयोच्या हस्तें जलंबहून खामगांवपर्यंत आगगाडीचा फांटा सुरू झाला तो या कापसासाठींच. आणि या दोहोंखेरीज गांवांत एक तिसरी गाडी असे, ती पटाची.

बैलांच्या शर्यतीला आमच्याकडे शंकरपट म्हणतात. मध्यंतरीं, २०१४ पासून, सर्वोच्च न्यायालयानें या शर्यती बंद केल्या होत्या; २०२१ च्या डिसेंबरांत अटी घालून परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्राचा तत्संबंधीं कायदा ग्राह्य ठरला. त्या आनंदांत आमच्या मुलखांत पुन्हा पट भरूं लागले, आणि उन्हाळ्याच्या सुट्टींत मी मुद्दाम एक पाहावयास गेलों. पटाची छकडी इतकी हलकी, कीं एक माणूस ती उचलून नेईल. धुरकरी तिच्यावर बसतो असें म्हणण्यापेक्षां तिला चिकटतो. काहीं सेकंदांचा खेळ. तो संपला कीं मालक छकडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत घालून घरीं नेतो. त्या छकडींतून कोणी म्हातारीला माहेरीं पोंचवीत नाहीं. घरीं येतांना माझी गाडी एका गतिरोधकावर घासली, तरीहि या दोन गोष्टींचा एकमेकींशीं संबंध मीं जोडला नाहीं.

श्रावणांत मावशीचें मोतीबिंदूचें ऑपरेशन झालें. या वेळीं एस्‌टीचा प्रश्न नव्हता. बरोबर डबे होते, तुरीच्या डाळीची अर्धी गोणी होती, सौ. होती, मुलगा होता. आम्ही चौघें निघालों. रस्ता ज्ञानगंगेच्या अभयारण्यांतून बोथ्याच्या घाटानें जातो. २०१९ सालीं टिपेश्वरच्या जंगलांतून निघालेला एक वाघ तेराशें किलोमीटर चालून याच अरण्यांत आला होता. मी मुलाला तें सांगत होतों, आणि त्याला वाटेंत गतिरोधक लागल्याचें कोठें नमूद नाहीं, असा विनोदहि केला. आई मागें बसली होती. आरशांत मला तिचा एक हात दिसत होता. तो खिडकीच्या वरच्या दांडीला होता, आणि सबंध घाटभर तो तेथून हलला नाहीं.

घाट उतरल्यावर एक गांव लागतें. त्याचें नांव सांगत नाहीं. शाळेच्या अलीकडे एक गतिरोधक होता. काँक्रीटचा, अरुंद, भिंत आडवी निजवावी तसा. पुढचीं चाकें चढलीं, उतरलीं. आणि गाडीचें पोट त्यावर बसलें. तसा आवाज मीं पूर्वीं ऐकला नव्हता. मीं आणखी थोडा जोर दिला, तेव्हां गाडी पुढें सरकली आणि मागें रस्त्यावर काळी रेघ उमटत गेली. चेंबर फाटला होता. एंजिन लगेच बंद केलें म्हणून तें तरी वांचलें.

चौघांच्या वजनानें गाडी आणखी अडीच सेंटिमीटर खालीं गेली होती, म्हणजे दहा-साडेदहा उरले होते, हा हिशेब मीं तेथेंच, चिखलांत उभ्या उभ्या केला. हिशेब अगदीं बरोबर होता. गांवांतलीं पोरें जमलीं, त्यांनीं गाडी ढकलून कडेला लावली. मी त्यांना थोडा चढ्या आवाजांत विचारलें, "हा ब्रेकर घातला कोणीं?"

"आमीच," त्यांतला एक म्हणाला, आणि पाणी आणावयास गेला.

आईला एका घरांतल्या बाईंनीं हात धरून ओट्यावर नेलें. टेंपो मिळून गाडी खामगांवला पोंचेपर्यंत दोन तास गेले, तेवढा वेळ ती त्या ओट्यावर बसून होती. तिला चहा मिळाला, उशाला तक्क्या मिळाला. मी मात्र फोनवर होतों. सायंकाळीं मावशीनें डोळ्यावरच्या हिरव्या झडपेखालून मला जवळ बोलाविलें आणि हळूंच म्हणाली, "तुझ्या गाडींत बसलं कीं तिच्या पाठींत कळ येते रे. फाल्गुनापासून. तुला सांगूं नको म्हणाली होती. हौसेनं केलंय त्यानं, म्हणाली."

बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला चार ते आठ वेळांचा खालून येणारा कंप सर्वांत अधिक जाचतो, हें मी वर्गांत अनुनाद शिकवितांना सांगत असतों. साध्या मोटारीचें डोलणें सेकंदाला एक-दीड वेळां ठेवलेलें असतें, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या चालीशीं जुळतें, आणि म्हणून तें अंगाला परकें वाटत नाहीं, हेंहि मी सांगतों. ताठ स्प्रिंगेवर तें थोडेंच वाढतें, वर्गमुळाच्या हिशेबानें चौदा टक्के. परंतु गंगाजळी संपून गाडी ठोकळ्यावर आपटूं लागली, म्हणजे स्प्रिंग जणूं उरतच नाहीं, आणि रस्ता सरळ माणसाच्या मणक्यांशीं बोलूं लागतो. हें सगळें मला ठाऊक होतें. ठाऊक असणें आणि आरशांतला हात पाहणें यांत माझ्याकडून कोठें तरी खंड पडला होता.

तरीहि माझा राग गेला नव्हता. तो गतिरोधकावर होता. घरीं आल्यावर तिसऱ्या दिवशीं मीं सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नांवें एक अर्ज लिहावयास घेतला. उंची दहा सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, पुढें सूचनेची पाटी, वर पांढरे पट्टे, असे सर्व नियम लिहून, सदरहू बेकायदा अडथळा तत्काळ काढून टाकावा, अशी मागणी केली. मसुदा चांगला उतरला म्हणून मीं तो जेवणापूर्वीं घरांत वाचून दाखविला.

आई तांदूळ निवडीत होती. ती म्हणाली, "ज्या बाईच्या ओट्यावर मी बसलें होतें ना, तिचा नातू गेला तिथं. दुसरींत होता. शाळा सुटल्यावर पळत रस्ता ओलांडला. तेराव्याच्या आधींच गांवानं वर्गणी काढून सिमेंट आणलं म्हणे." आणि थोड्या वेळानें, "उंच झालाय खरा. पण त्यांना काय माप माहीत असणार?"

तो अर्ज मीं पाठविला नाहीं. दुसरा लिहिला. त्या गतिरोधकानें रात्रीं एकादा दुचाकीवाला पडूं शकतो हें खरेंच होतें, म्हणून शाळेसमोर मापाचा गतिरोधक, पाटी आणि पट्टे मिळावेत, इतकेंच त्यांत मागितलें. पट्टे मात्र गांवकऱ्यांनीं त्याआधींच स्वतः मारले. पुढच्या खेपेस मीं ते पाहिले, चुन्याचे, थोडे वांकडे.

त्याच आठवड्यांत गाडी मिस्त्रीकडे नेली. जुन्या स्प्रिंगा डिकींतून काढून त्याच्यापुढें ठेवल्या. "मी म्हनलं होतं" असें तो म्हणाला असता तर मला बरें वाटलें असतें. पण तो तसें कांहीं म्हणाला नाहीं. टायर फिरवून त्यानें त्यांची आंतली कड दाखविली; ती झिजून गुळगुळीत झाली होती. नवीन टायर, नवीन चेंबर, मजुरी आणि पुन्हा अलाइनमेंट मिळून स्प्रिंगांच्या मूळ किंमतीच्या दुप्पट खर्च आला. पुन्हा चार बोटांची पोकळी झाली. राजूरच्या घाटांत गाडी पुन्हा आधीं कलते आणि मग वळते. पहिल्या दिवशीं मला तें इतकें नीरस वाटलें कीं तें येथें सांगणेंच प्रामाणिकपणाचें होईल. अजूनहि एकाद्या कोरड्या सकाळीं, तिसऱ्या वळणावर, हातांना ती जुनी आठवण होते.

भाद्रपदांत चिखलीचा एक तरुण स्प्रिंगा विकत घ्यावयास आला होता. कोणाकडून तरी त्याला समजलें होतें. स्प्रिंगा पाहून त्याचे डोळे चमकले. मीं त्याला विचारलें, "तुमच्या गाडींत मागें कोण बसतं?" त्याला प्रश्नाचा रोख कळला नाहीं, "आजी बसते कधीं कधीं," म्हणाला. मीं त्याला चहा दिला, तेरा सेंटिमीटरांचा हिशेब कागदावर करून दिला, आणि विचार करून या, असें सांगितलें. तो आला नाहीं. सौ.चें म्हणणें असें, कीं मला त्या विकावयाच्याच नव्हत्या.

खंडेनवमीला आमच्याकडे घरांतल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते: विळी, अडकित्ता, माझा स्क्रू ड्रायव्हर, मुलाचा लॅपटॉप. त्या वर्षीं पूजेच्या पाटाशेजारीं मला गोणपाट उलगडलेलें दिसलें. माळा झाडतांना मुलानें तें खालीं आणलें होतें. आईनें चारहि स्प्रिंगांना हळदकुंकू लावलें होतें आणि प्रत्येकीवर झेंडूचें एकेक फूल ठेवलें होतें. "या कशाच्या रे?" असें तिनें मला विचारलें, मीं सांगितलें. "असूं दे," ती म्हणाली, "लोखंडच ना?" सायंकाळीं मीं त्या पुसून, गंजूं नयेत म्हणून थोडें तेल लावून, परत गुंडाळून ठेवल्या.